समासातले दोन शब्द

"तीनही काढा. एकही राहता कामा नये."

*

रिसोडच्या चष्मेवाल्यानं विचारलं, "वाचाले पायजे का दूरचं पाहाले?" कस्तुराबाई म्हणाली, "एक नाव वाचाचं हाय. तेवढ्यापुरता करा."

*

ब्लीड म्हणजे कागद कापण्याच्या रेषेबाहेर मुद्दाम सोडलेला जादा रंग. तो कापून फेकायचाच असतो. पण तो नसेल तर पानाच्या कडेला पांढरी चीर राहते आणि सगळं काम उघडं पडतं.

*

विषय : विधवा परत घेण्याबाबत.
महोदय,

*

हळदीच्या दिवशी वर्षाराणीच्या डाव्या गालावर बोटं उमटली. कुणीतरी सवय नसलेल्या हातानं, जरा जास्तच जोरात हळद लावली होती.

*

महिला दिनाच्या कार्यक्रमात जगदेव गोटे सर म्हणाले, "गंगाभागीरथी हा शब्द नव्हे, शिक्का आहे!" वाशीमच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या. सरांना शाल मिळाली. शालीवर किमतीची चिठ्ठी तशीच होती, पण त्या दिवशी तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

*

यातलं कुठलंही आधी सांगितलं तरी सर वाईटच दिसतात. म्हणून सरळ लग्नपत्रिकेपासून सुरुवात करू.

जगदेव गोटे सर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात आणि दरवर्षी कॉलेजचा वार्षिकांक काढतात. त्या अंकापायी संस्थेनं त्यांना अमरावतीला छपाईच्या कार्यशाळेला पाठवलं. लोक अमरावतीहून कापड आणतात. सर शब्द घेऊन आले. ब्लीड, गटर, क्रॉप मार्क, कर्निंग, डमी. आणि मराठीचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांनी बसमध्येच, कारंज्याच्या आसपास, या सगळ्या शब्दांचं मराठी करून टाकलं. गटरची, म्हणजे दोन पानांमधल्या कोऱ्या पट्टीची, झाली पन्हळ. क्रॉप मार्कची छाटखूण. ब्लीडला त्यांनी आधी 'रक्तस्राव' केलं होतं, पण स्टाफरूममध्ये "मुखपृष्ठाला तीन मिलिमीटर रक्तस्राव हवाच" असं म्हणताच गणिताच्या मॅडमनी दवाखान्याचा नंबर शोधायला घेतला, तेव्हा तो शब्द सरांनी मोठ्या मनानं मागे घेतला.

एक शब्द मात्र मागे घेतला नाही. परिच्छेदाची शेवटची ओळ कधीकधी पानावर मावत नाही आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटीच जाऊन पडते. इंग्रजीत तिला विडो म्हणतात. सरांनी तिला 'विधवा' म्हटलं. भाषांतर अचूक होतं. त्याच्याबद्दल चांगलं म्हणून एवढंच सांगता येईल.

असा भरलेला माणूस घरी बसला असताना त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

वर्षाराणी म्हणाली, "बाबा, मोबाइलवर रेडीमेड डिझाइन असतात. नावं टाकली की झालं." सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं रेडीमेड नवरा आणते म्हटलं. पत्रिका ते स्वतः करणार होते. वाशीम जिल्ह्यातली पहिली शुद्ध पत्रिका! 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ असणारी. 'आमच्या ताईच्या लग्नाले या हं' असं चिल्लीपिल्ली म्हणत नसणारी. नवरा-नवरीच्या नावामध्ये बाण घुसलेला बदाम नसणारी.

बातमी गल्लीत गेली आणि सल्ले घरात आले. शेजारचे, सरांहून वयानं मोठे गोविंदसिंग राठोड नगरपालिकेला उभे राहणार होते. ते म्हणाले, "सर, माया नावाखाली 'भावी नगरसेवक' टाका. तुमचीबी इज्जत वाढते." सरांनी समजावलं की भावी हे विशेषण फक्त वधूवरांना शोभतं. गोविंदसिंग म्हणाले, "बरं, मंग नुसतं नाव टाका, पण जाड टाईपात." समोरच्या चंदाबाईंनी गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या, यावर सरांची शिकवणी घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "अन् कागद जाड घ्या बरं. पातळ पत्रिकेचं लग्न टिकत नाई, आमच्या नणंदेचं पाहा ना."

खरी लढाई मात्र घरातच झाली.

"स्त्रीच्या नावाआधी तिचा नवरा जिवंत आहे की नाही हे छापायची गरज नाही," सर म्हणाले. "सौ. नको, गं.भा. नको. सगळ्या श्रीमती."

साधनाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "तुमी समोर बसून पोहे खाऊन राह्यले आन् मले श्रीमती लिवता? पत्रिका पोचल्या की लोक लग्नाच्या आधी दहाव्याले येतीन तुमच्या."

"अगं, श्रीमती म्हणजे लक्ष्मीवान..."

"ते तुमच्या पुस्तकात. रिसोडपासून मंगरूळपर्यंत श्रीमती म्हंजे काय ते सगळ्याइले ठाऊक हाय."

तेवढ्यात शिरपूरहून सासूबाईंचा फोन आला. बातमी तिथंही पोचली होती. "जावईबापू, मले गं.भा.च लिवजा. श्रीमती तर ब्यांकेतल्या पोरीलेबी म्हंतात."

महिला दिनाच्या शालीची घडी अजून मोडली नव्हती, तरी सरांनी तह केला. सवाष्णींना सौ. आणि सासूबाई धरून घरातल्या तीन विधवांना गं.भा. पण तहात एक अट घातली. मानाप्रमाणे नाही, वयाप्रमाणे नावं. सर्वांत मोठं माणूस सर्वांत वर. याचा अर्थ एवढाच होता की गणपतीच्या पायाशी, निमंत्रकांमध्ये सर्वांत पहिलं नाव येणार होतं कस्तुराबाईचं.

कस्तुराबाई ही सरांची थोरली बहीण, वयानं सासूबाईंच्याही वर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत पांढऱ्या कपाळानं केनवडला माहेरी परत आली ती तिथंच राहिली. आई अंथरुणाला खिळल्यावर घर तिनं चालवलं, शेत तिनं पाहिलं, आणि जगदेव वाशीमला शिकायला होता तोवर एसटीतून येणारा डबा तिच्या हातचा होता. आयुष्यात आपण एकाच माणसाचं खरं देणं लागतो असं सरांना वाटे, आणि ते देणं आता चांगल्या कागदावर, दोन रंगांत फिटणार होतं.

ते खास केनवडला जाऊन सांगून आले.

"अक्का, पत्रिकेत पहिलं नाव तुझं."

"पयलं?"

"पहिलं. गणपतीच्या खाली लगेच."

कस्तुराबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मंग मले चष्मा करा लागीन."

छापखाना खालिदभाईंचा. बसस्टँडमागच्या गल्लीत. कॉम्प्युटरवर त्यांची भाची कशिश बसते. दोघंही कामाला चोख, फक्त सरांचे शब्द त्यांना कळत नसत. सर म्हणत, "अक्षरसलगी कमी करा." खालिदभाई कशिशकडे पाहत. कशिश हळूच म्हणे, "मामू, लेटर जवळजवळ झाले म्हणते ते." एकदा सरांनी "पन्हळ वाढवा" म्हटलं तर खालिदभाई छपराकडे पाहून म्हणाले, "करतो सर, पावसाळ्याच्या आधी करतो."

पहिलं प्रूफ आलं. दुसरं आलं. तिसरं आलं तेव्हा सगळं जुळलं होतं. आतल्या डाव्या पानावर वरती गणपती, त्याखाली निमंत्रकांची नावं, त्याखाली सरांनी घासूनपुसून लिहिलेला निमंत्रणाचा मजकूर. फक्त त्या मजकुराची शेवटची ओळ डाव्या पानावर मावली नव्हती. ती उजव्या पानाच्या डोक्यावर एकटीच उभी होती.

सरांना कोण आनंद झाला! कार्यशाळेतली गोष्ट प्रत्यक्ष भेटली होती. त्यांनी लाल पेन काढलं, त्या ओळीकडे बाण काढला आणि समासात ठसठशीत अक्षरांत लिहिलं : विधवा काढा. त्याचा फोटो काढून खालिदभाईंना व्हॉट्सअ‍ॅप केला. फोटोत समास आला. बाण आला नाही.

फोन आला तेव्हा सर स्टाफरूममध्ये होते. शेजारच्या वर्गात मास्तर नव्हता, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं.

"सर, ते तुमी लिवलं ना... विधवा काढा म्हणून," खालिदभाई अडखळत म्हणाले. "ते पक्कं ना?"

"पक्कं म्हणजे काय! लिहून दिलं आहे ना."

"नाई, कशिश म्हणते, एकडाव विचारून घ्या. बुरं दिसते म्हणते."

"राहिली तर बुरं दिसेल! खालिदभाई, चांगल्या छपाईत कुणीही विधवा ठेवत नाही. जगभर नाही ठेवत."

"असं काय?" खालिदभाईंचा आवाज पडला. "आमाले वाटलं तुमी भाषण-बिषण देता..."

"भाषणाचा इथं काय संबंध? हा सौंदर्याचा प्रश्न आहे."

"तीन हाएत, सर."

"तीन? मला एकच दिसली."

"नाई, तीन हाएत. कशिशनं मोजल्या."

सरांना कशिशचा अभिमान वाटला. आपण दोन दिवस शिकून एक शोधली, पोरीनं न शिकता तीन. "मग तीनही काढा," ते म्हणाले. "एकही राहता कामा नये."

गणिताच्या मॅडम वहीतून मान वर करून सरांकडे पाहत होत्या. त्या स्वतः श्रीमती होत्या. सरांना वाटलं, त्यांनाही परिभाषेत गोडी वाटू लागली.

*

समास : प्रूफ वाचण्याचा नियम असा, की अर्थ वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. अर्थ वाचणाऱ्याला चुका दिसत नाहीत. सर हा नियम कसोशीनं पाळतात.

*

चौथं प्रूफ सरांनी भिंग घेऊन वाचलं. शी दीर्घ होती. अनुस्वार जागेवर होते. वरची तीन नावं गेल्यामुळे सगळा मजकूर वर सरकला होता आणि ती एकटी ओळ आपोआप डाव्या पानावर, आपल्या परिच्छेदाच्या तळाशी येऊन बसली होती. उजव्या पानाचं डोकं स्वच्छ होतं. सरांनी पत्रिका हातभर लांब धरून पाहिली.

"पाहा, विधवा गेली आणि पान कसं मोकळं झालं," ते साधनाबाईंना म्हणाले. साधनाबाई हॉलवाल्याशी फोनवर भांडत होत्या. सरांनी खाली 'छापा' लिहिलं आणि लफ्फेदार सही केली.

पत्रिका आल्या. दोन रंग, जाड कागद, नव्या शाईचा वास. साधनाबाईंनी गठ्ठे बांधून नातेवाइकांकडे रवाना केले. सरांनी पहिली प्रत न उघडता, कुंकू लावून पिशवीत ठेवली आणि केनवडची एसटी पकडली. ती अक्काच्या हातात तिच्यासमोरच उघडायची होती.

कस्तुराबाईनं गल्ली जमवली होती. ओसरीवर सतरंजी, चहाच्या कपांची रांग. शेजारचे सेवादास, त्यांची बायको, आणखी चारदोन बाया. "चष्मा अजून रिसोडलेच हाय," कस्तुराबाई म्हणाली. "काच बदलून देतो म्हणे. तूच वाच, जगदेव. मोठ्यानं वाच. माया नावापासून वाच."

सर उभे राहिले. घसा साफ केला. पत्रिका उघडली. "श्रीगणेशाय नमः," ते म्हणाले आणि खाली नजर नेली. खाली लिहिलं होतं : श्री. गोविंदसिंग राठोड. जाड टाईपात.

सरांनी पान उलटलं. पुन्हा सरळ केलं. कागद चिकटला असेल म्हणून नखानं कड उचलून पाहिली.

"थांबला काहून?" सेवादास म्हणाले.

इथं एखाद्या सरळ माणसानं सांगितलं असतं की काहीतरी चुकलं. सर सरळ माणूस होते, पण समोर सतरंजी होती, कप होते, आणि पदर डोक्यावरून नीट घेऊन बसलेली अक्का होती. सरांनी कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "गंगाभागीरथी कस्तुराबाई गोटे, केनवड."

बायांनी माना डोलावल्या. कस्तुराबाईनं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग पुढे सरकून म्हणाली, "कुठं हाय? बोट ठेव माया."

सरांनी तिचं बोट धरलं. त्या बोटाला कापसाच्या बोंडांनी पडलेले चरे होते. डोळे न उचलता त्यांनी ते पानाच्या तळाशी, हाताला येईल त्या ओळीवर ठेवलं.

"पयलं म्हणत व्हता," सेवादास म्हणाले. "हे तर खाली हाय."

"ही... ही डमी आहे," सर म्हणाले. "म्हणजे नमुना. खरी पत्रिका वेगळी येते. आणून देतो." आणि चहा न पिता ते निघाले. पत्रिका परत मागितली, पण कस्तुराबाईनं ती देवघरात नेऊन ठेवली होती. "राहू दे, डमी तर डमी. सेवादासभाऊ बाजारच्या दिवशी चष्मा आणतीन, तवा पाहीन."

तर आता शर्यत लागली. इकडे रिसोडहून चष्मा निघणार, इकडे वाशीमहून खरी पत्रिका निघायला हवी. चष्मा आधी पोचला तर संपलं.

छापखान्यात सर शिरले ते ओरडतच. "माझ्या बहिणीचं नाव कुठाय?"

खालिदभाईंनी मोबाइल पुढे केला. सरांचंच अक्षर. सरांचीच लाल शाई. विधवा काढा. अक्षर इतकं सुरेख होतं की दुसऱ्या कुणाचं म्हणायची सोयच नव्हती.

"मी ओळीबद्दल म्हणत होतो!" सर म्हणाले. "एकटी पडलेली ओळ! तिला विधवा म्हणतात!"

"तिले आमी लटकलेली लाइन म्हणतो, सर," खालिदभाई म्हणाले.

कशिश खुर्चीतून उठली होती. "सर, मी दोनदा मामूले म्हटलं का पुन्हा विचारा. मले तर रडू येत व्हतं डिलीट करतानी. पण तुमी म्हणाले, एकही राहता कामा नये." "आन् नंतर प्रूफबी पाठवलं ना. तुमी पाह्यलं. 'छापा' लिवलं."

हे खरं होतं. बाण फोटोत आला नाही, वर्ग ओरडत होता, शब्द नवा होता, हे सगळं कबूल. पण चौथ्या प्रूफात त्यांनी अनुस्वार मोजले आणि बहीण मोजली नाही.

घरी साधनाबाई दारातच उभ्या होत्या. शिरपूरहून फोन येऊन गेला होता. "मायी माय रडून राह्यली. जावयानं सूड घेतला म्हणते. कोणत्या गोष्टीचा ते इचारून सांग म्हणते, लय गोष्टी हाएत म्हणते." सरांनी विडो समजावून सांगितलं. साधनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हे बहाणं तुमाले गाडीत सुचलं का छापखान्यात?"

पण साधनाबाईंचा राग परवडला. गोविंदसिंगांनी मात्र गेटवरच सरांचा हात हातात घेतला. "सर, लय चांगलं केलं. मले वाटलं व्हतं तुमी भाषणातल्यासारखं काई करान. पण शेवटी भाषण भाषणाच्या जागी आन् शुभकार्य शुभकार्याच्या जागी. माणूस शाहणा हाय म्हटलं."

"अहो, ती चूक झाली."

"असंच म्हणाचं," गोविंदसिंगांनी डोळा मारला. "चंदाबाईबी तेच म्हणे. तुमी बरोबर केलं, आन् वरून चूक म्हणता. कोणाचंच मन दुखत नाई."

सर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभे राहिले. बाकी नातेवाइकांचे फोन आले. एकानंही विचारलं नाही की नावं का नाहीत. सगळ्यांना माहीतच होतं का नाहीत. अख्ख्या जिल्ह्यात त्या पत्रिकेत चूक दिसत होती ती एकट्या सरांना, आणि तीही उशिरा.

पत्रिका पुन्हा छापायची ठरली. तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली. खालिदभाई म्हणाले, "सर, पयल्या पत्रिकेची तक्रार झाली. गोविंदसिंगचं नाव जाड टाईपात, सगळ्यात वर. प्रचार हाय म्हणते. आता दुसऱ्याडाव छापाची तर निवडणुकीच्या हापिसातून परवानगीचा कागद आणा." सर हापिसात गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. शेवटी एका बाबूनं सांगितलं, "पत्रिका पुन्हा काहून छापता, ते अर्जात लिहून द्या."

सरांनी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. मनात एकच गोष्ट घोळत असली की माणूस तीच लिहितो. बाबूनं विषय वाचला, सरांकडे पाहिलं, पुन्हा विषय वाचला. "विधवा परत घेण्याबाबत," तो शेजारच्याला वाचून दाखवत म्हणाला, आणि मग सहानुभूतीनं, "काका, हे समाजकल्याणले द्या लागते. हे इथलं नाई. आन् परत घेतानी त्यांची संमती लागते बरं."

"तीन आहेत," सरांच्या तोंडून निघून गेलं.

सगळं हापीस थांबलं.

कागद मिळाला. कसा मिळाला ते सर कुणाला सांगत नाहीत. एवढंच कळतं की त्या हापिसात त्यांना अजून 'तीनवाले सर' म्हणतात. कशिशनं नावं परत वर घातली. मजकूर पुन्हा खाली सरकला आणि ती ओळ पुन्हा उजव्या पानाच्या डोक्यावर एकटी जाऊन उभी राहिली. "सर, ही लाइन..." ती म्हणाली. "राहू द्या," सर म्हणाले. "तिला हात लावू नका."

ओली शाई वर्तमानपत्रात गुंडाळून सर केनवडला पोचले, तेव्हा ओसरीवर कस्तुराबाई एकटीच तुरीच्या शेंगा सोलत होती. डोळ्यांवर चष्मा होता. नवा, जाड काड्यांचा. देवघरातली पत्रिका शेजारी, शेंगांच्या सुपाखाली दाबून ठेवलेली.

"ये," ती म्हणाली.

सर पायरीवर बसले.

"लय चांगलं वाचलं व्हतं रे तू," कस्तुराबाई म्हणाली. "कागदावर नव्हतं तेबी वाचलं."

"अक्का..."

"तुया लग्नाच्या पत्रिकेतबी नव्हतं. पण तवा बाबानं मले असं वाचून नव्हतं दाखवलं. नाई म्हंजे नाई म्हटलं व्हतं."

सरांची प्रमाणभाषा गळून पडली. "अक्का, मले तसं नव्हतं म्हणाचं गं. छापखान्यात एक लाइन असते. पानावर मावत नाई, मंग दुसऱ्या पानावर एकलीच जाऊन पडते. तिले विधवा म्हणतात. मी तिच्याबद्दल लिवलं, विधवा काढा. त्याइनं तुमची नावं काढली."

कस्तुराबाईनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "त्या लाइनले खरंच काढून टाकतात?"

"नाई. काढत नाई. मागच्या ओळी जराशा आवळतात आन् तिले जागा करून देतात. सामावून घेतात."

"मंग सामावून घ्या असं लिवाचं. काढा कायले लिवलं?"

सर मराठीचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे परिभाषा होती. त्यांनी वर्तमानपत्र उलगडून नवी पत्रिका पुढे केली. कस्तुराबाईनं हात लुगड्याला पुसले, चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचलं. दोनदा वाचलं. मग तिची नजर उजव्या पानावर गेली. "आन् ही काय, एकलीच वर उभी?"

"तीच ती."

"हे?" कस्तुराबाई खुदकन हसली. "चांगली तर दिसते. काय वाईट हाय तिच्यात?" मग हसू आवरून म्हणाली, "लग्नाले येतो मी. पण वर्षीले पयली हळद मी लावीन. बोल."

सरांनी उत्तर दिलं. लगेच नाही. मधे त्यांच्या डोळ्यांसमोरून सासूबाई गेल्या, नवऱ्याकडची मंडळी गेली, गेटवर उभे गोविंदसिंग गेले. फार वेळ लागला नाही, एखादी शेंग सोलून व्हावी एवढाच. पण चष्मा नवा होता, आणि कस्तुराबाईला आता सगळं लख्ख दिसत होतं.

"लाव ना, अक्का," सर म्हणाले. "तूच लाव."

"हो," ती म्हणाली. "पाह्यलं मी." आणि चहा ठेवायला आत गेली.

सर ओसरीवर बसून राहिले. काहीतरी करायला हवं म्हणून शेंगा सोलू लागले. अर्धे दाणे खाली पडले.

पहिल्या वेळी, सतरंजीवर जमलेल्या गल्लीसमोर, त्यांनी अक्काचं बोट ज्या ओळीवर ठेवलं होतं ती हीच ओळ होती. त्या दिवशी ती पानाच्या तळाशी होती, आणि तिच्यात एवढंच लिहिलं होतं : आपण अवश्य यावे.